अर्धवट काम उघडं ठेवण्याबद्दल

फावल्या वेळात कुणीतरी काहीतरी बनवत असतं. कुणी जुन्या रेडिओच्या खोक्यात नवा सर्किट बोर्ड बसवतं, कुणी स्वतःच्या हिशोबासाठी छोटं ॲप लिहितं, कुणी सिंथेसायझर जोडतं, कुणी अक्षरं आखतं. मग एका रात्री धीर करून ते काम ऑनलाइन चार लोकांपुढे ठेवलं जातं आणि त्याखाली ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, "आधी पूर्ण करा, मग सांगा. अर्धवट गोष्टी टाकून लोकांचा वेळ का घेता?" दुसरा म्हणतो, "रोज टाका, सगळं टाका. दिसत राहिलात तरच ओळख होते." गेली काही वर्षं मी हा वाद वाचतो आहे, त्यात अधूनमधून बोलतोही आहे, आणि दर वेळी वाटतं की दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या जागी उभे राहून भांडतायत. शेअर करणं ही दोघांच्याही लेखी करणाऱ्या माणसाबद्दलची गोष्ट आहे. एकाला त्यात मिरवणं दिसतं, दुसऱ्याला संधी. कामाचं पुढे काय होतं, ते ज्याच्या हाती पडतं त्याला त्यातून काय मिळतं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की साइड प्रोजेक्ट अपुरा असतानाच उघडा करावा, आणि तसं करताना निकालापेक्षा वाट जास्त द्यावी. वाट म्हणजे मूळ फाइल, मोजमापं, फसलेले प्रयत्न, आणि जिथे आपण अडलो आहोत ती नेमकी जागा. तयार वस्तूचा फोटो टाकणं हे दाखवणं झालं. त्यात वाईट काही नाही, केलेल्या कामाचा आनंद कुणालाही होतो आणि तो व्हावा. पण शेअर करणं या शब्दात वाटा देणं आहे, आणि फोटोतून कुणाच्या वाट्याला काही येत नाही. वादातला बराचसा गोंधळ या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे होतो. "मिरवू नका" म्हणणारे दाखवण्यावर वैतागलेले असतात, पण त्यांच्या वैतागापायी उघडं करणारा गप्प बसतो. "दिसत राहा" म्हणणारे दाखवायला शिकवतात, आणि नवख्याला वाटतं की शेअर करणं म्हणतात ते हेच.

हे मी पुस्तकी बोलत नाही. दोनेक वर्षं मी रात्री बसून एक देवनागरी फाँट आखत होतो. पहिले आठ-नऊ महिने मी त्याची फक्त चित्रं टाकली. मोठ्या आकारातला 'क्ष', शिरोरेघेची जाडी, एका ओळीत नीट मांडलेले दहा शब्द. लोक "सुंदर" म्हणायचे, अंगठे यायचे, मला बरं वाटायचं. त्या सगळ्या कौतुकातून फाँटमधला एक बिंदूसुद्धा हलला नाही. हलणार कसा? चित्रात मी तेच शब्द मांडत होतो जे माझ्या फाँटला येत होते. शेवटी एक मित्र म्हणाला, "अरे, फाइल दे ना. चित्र घेऊन मी काय करू?" तेव्हा मी सगळं फोल्डर टाकलं. आखणीची फाइल, अक्षरं जोडण्याचे नियम लिहिलेली फाइल, आणि काय जमलेलं नाही त्याची एक पानभर यादी. चौथ्या दिवशी एका अनोळखी बाईंचा निरोप आला. त्या मुद्रितशोधनाचं काम करतात, कोडशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या फाँटमध्ये 'दऱ्या' कधी बरोबर दिसतं, कधी र खाली पाय मोडल्याची खूण तशीच राहते. 'आचाऱ्यांना' या शब्दाचंही तेच. जुन्या फाइलमधला मजकूर आणून चिकटवला की बिघडतं."

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा फरक मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो, आणि पापणीसारखा तो आडवा र नीट आला नाही तर मराठीचा फाँट म्हणून त्या फाँटला अर्थ उरत नाही. पण तो आडवा र संगणकाच्या आत दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसायला हवेत. माझा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेनं टाइप करतो, म्हणून नियमही मी पहिल्याचाच लिहिला होता. तेवढ्या महिन्यांत 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' हे शब्द मी किती वेळा टाइप केले असतील याला गणती नाही, आणि मला चूक एकदाही दिसली नाही. आणखी दहा वर्षं दिसली नसती. मी तपासण्यात कसूर केली नव्हती, ती चूक माझ्या बोटांच्या सवयीपलीकडे होती. दुरुस्तीला नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ लागली. बाईंनी नंतर आडवा र असलेल्या शब्दांची सहा पानी यादी करून पाठवली. त्यांना विचारून मी ती फोल्डरमध्ये ठेवली, आणि आज माझ्या फाँटपेक्षा त्या यादीचा उपयोग जास्त होतो. फाँट आखणारे दुसरे लोक ती उतरवून घेतात आणि आपलं काम तीवर घासून बघतात.

आता "आधी पूर्ण करा, मग सांगा" हा सल्ला इथे लावून पाहा. पूर्ण कशाला म्हणायचं होतं? माझ्या नजरेत तो फाँट कधीतरी पूर्ण झालाच असता, ती चूक पोटात घेऊन. एकट्यानं केलेलं काम पूर्ण झालं असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा इतकंच खरं असतं की आपली माहिती तिथे संपली.

हा पेच आजचा नाही. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान नवा शोध लागला की तो एका वाक्यात लिहायचे, त्या वाक्याची अक्षरं विस्कटायचे आणि तो विस्कटलेला गुंता जाहीर करायचे. गॅलिलिओनं १६१० मध्ये शनीबद्दलचं निरीक्षण असं कोड्यात घालून पाठवलं. केप्लरनं ते सोडवायला घेतलं आणि त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचा भलताच अर्थ काढला. हायगेन्सनं शनीभोवतीच्या कड्याचं कोडं १६५६ मध्ये घातलं आणि उत्तर दिलं १६५९ मध्ये. हेतू उघड होता. शोध माझा आहे याची नोंद व्हावी, पण तो कुणाला कळू नये. आज धूसर केलेला स्क्रीनशॉट टाकून खाली "लवकरच" लिहितात, तो याच जातीचा प्रकार आहे. मालकीची नोंद होते, ज्ञान जागचं हलत नाही. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेचा चिटणीस ओल्डेनबर्ग याने लोकांकडून आलेली निरीक्षणं नियमित छापायला घेतली आणि हळूहळू व्यवहार उलटा झाला. जो सांगेल, श्रेय त्याचं. सवय काही लगेच गेली नाही. रॉबर्ट हुकनं स्प्रिंगच्या ताणाचा नियम त्यानंतरही, १६७६ मध्ये, विस्कटलेल्या अक्षरांतच छापला आणि दोन वर्षांनी उलगडून सांगितला.

त्याच काळातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा लेवेनहूक. पेशानं कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही, डच सोडून दुसऱ्या भाषेत लिहीत नाही. फावल्या वेळात भिंगं घासायची आणि त्यांतून जे दिसेल ते पाहायचं, हा त्याचा नाद. १६७३ पासून १७२३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, तो रॉयल सोसायटीला पत्रं पाठवत राहिला. सगळी मिळून १९० च्या आसपास. १६७६ च्या पत्रात त्याने पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांबद्दल लिहिलं तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. त्याने गावातल्या प्रतिष्ठितांना भिंगातून ते जीव दाखवले आणि त्यांच्या साक्षी लिहून पाठवल्या. १६७७ मध्ये हुकनं स्वतः प्रयोग करून ते खरं असल्याचं पाहिलं. फावल्या वेळातलं काम लोकांपुढे ठेवण्याचं याहून मोठं उदाहरण कुठलं असेल? आणि तरीही लेवेनहूकनं एक गोष्ट कुणाला दिली नाही. सगळ्यात चांगली भिंगं तो कशी बनवतो आणि त्यांतून कसा पाहतो, ते त्याने स्वतःपाशी ठेवलं, आणि ठेवतो आहे हे लपवलंही नाही. त्याने आयुष्यात पाचशेहून जास्त भिंगं बनवली. मागे सोसायटीच्या नावे २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक ठेवले, तेही पुढे हरवले. आज त्याची जेमतेम डझनभर साधनं शिल्लक आहेत. निरीक्षणं टिकली, कारण ती पत्रांतून गेली होती. हातोटी त्याच्याबरोबर संपली.

आता विरोधी बाजूच्या मुद्द्यांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा असा की सांगून टाकलं की करण्याची ऊर्मी जाते. यात तथ्य आहे. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की "मी अमुक बनणार" या प्रकारचा बेत दुसऱ्यानं ऐकून घेतला की त्यासाठीची धडपड कमी होते. ऐकणाऱ्याच्या मान हलवण्यातच आपण अर्धे पोहोचल्यासारखे वाटतो. मी स्वतः हे भोगलं आहे, आणि बेत जाहीर करू नये असंच मीही सांगतो. पण हा प्रयोग बेताबद्दल आहे, कामाबद्दल नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करत असल्याचं जाहीर केलं. तीच पुढे लिनक्स झाली. हा केवळ छंद आहे, मोठं काही होणार नाही, असं त्यात त्याने लिहिलं होतं. ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच निरोपात आणखी काय होतं ते सहसा सांगितलं जात नाही. काम एप्रिलपासून चालू आहे, बॅश आणि जीसीसी हे दोन प्रोग्राम त्यावर चालू लागले आहेत, आणि मिनिक्स ही तेव्हाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना त्यात काय आवडतं, काय खटकतं, ते मला सांगा. त्याच्याकडे चालणारी वस्तू होती आणि विचारण्यासारखा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात पहिला कोड बाहेर आला, दहा हजार ओळींच्या आसपास. ज्याच्या हातात एवढं आहे त्याने बोलल्यानं ऊर्मी कशी जाईल? उलट उत्तरं येऊ लागली की दुसऱ्या दिवशी बसावंच लागतं.

दुसरा मुद्दा कुणी मोठ्यानं मांडत नाही, पण गप्प बसणाऱ्यांच्या मनात तोच असतो. टाकलं आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही तर? बहुतेक वेळा हेच होतं आणि ते लागतं. इथे मला ब्र्नोच्या मठातला मेंडेल आठवतो. मठाची आणि शिकवण्याची कामं सांभाळून त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची २८,००० च्या आसपास रोपं वाढवली आणि मोजली. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तिथल्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळात दोन बैठकांत त्याने ते वाचून दाखवलं, १८६६ मध्ये मंडळाच्या वार्षिकात छापलं, आणि पुढची ३४ वर्षं त्यातलं मर्म कुणाच्या ध्यानात आलं नाही. १८८४ मध्ये तो गेला. त्यानंतर मठातले त्याचे कागद जाळून टाकण्यात आले. वह्या, टिपणं, आकडे, सगळं. १९०० मध्ये डी व्रीज आणि कोरेन्स आपापल्या वाटेनं अनुवंशाच्या त्याच नियमांपाशी पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती मेंडेलचं काय लागलं? त्याने ज्या दोन संध्याकाळी वाचून दाखवलं होतं आणि छापायला दिलं होतं, तेवढंच. ज्या श्रोत्यांना ते कळलं नाही त्यांच्याचमुळे ते छापलं गेलं आणि टिकलं. शांततेची बोचणी खरी आहे, पण आज कुणी काही बोललं नाही यावरून त्या कामाचं काय होणार हे ठरत नाही.

चोरीचा मुद्दा याहून अवघड आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना एक खुलं पत्र लिहिलं होतं. त्याचा सवाल असा की तुम्ही माझं बेसिक हे प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर पैसे न देता एकमेकांना कॉपी करून देता, मग फुकटात व्यावसायिक दर्जाचं काम कोण करणार? प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. ज्याची चूल त्या कामावर पेटते त्याने ते बंद ठेवलं तर त्याला नावं ठेवण्याचा कुणाला अधिकार नाही. पण साइड प्रोजेक्टची व्याख्याच अशी की चूल त्यावर पेटत नाही. तिथे "कुणी उचललं तर" या भीतीचा हिशोब वेगळा करावा लागतो, आणि तो हिशोब इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. जेम्स वॉटचं पेटंट १८०० मध्ये संपेपर्यंत तिथल्या इंजिनियरांना त्याच्या वाफेच्या इंजिनात बदल करणं कठीण होतं. पेटंट संपल्यावर त्यांनी वेगळाच रस्ता धरला. १८११ पासून जोएल लीन यांनी दर महिन्याला एक पत्रक काढायला सुरुवात केली. कुठल्या खाणीतलं कुठलं इंजिन, त्याची रचना कशी, इंजिनियर कोण, आणि ठरावीक कोळशात ते किती पाणी उपसतं, सगळं त्यात छापलेलं. चांगले आकडे आणि लाजिरवाणे आकडे शेजारी शेजारी. तिथल्याच ट्रेव्हिथिक या इंजिनियरनं १८१२ मध्ये उभं केलेलं जास्त दाबाचं इंजिन पेटंटशिवायच राहिलं आणि बाकीच्यांनी ते पाहून सुधारलं. तीसेक वर्षांत त्या खाणींतल्या इंजिनांची सरासरी कामगिरी तिपटीच्या घरात गेली. ते लोक एकमेकांचे स्पर्धक होते. आपापल्या कल्पना त्यांनी कुलपात ठेवल्या असत्या तर प्रत्येकाच्या हाती स्वतःचं एक इंजिन आणि स्वतःच्या चुका एवढंच उरलं असतं.

आजच्या चोरीचं रूप मात्र कॉर्नवॉलसारखं नाही, हे मान्य करायला हवं. तिथे घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत होते, आणि आज घेतलेलं उद्या परत येत होतं. आता आपण टाकलेलं चित्र, कोड, सूर एखाद्या कंपनीचं एआय यंत्र न विचारता गिळतं आणि त्यातून परत काही येत नाही. ज्या चित्रकारांनी यामुळे आपलं काम काढून घेतलं त्यांचा राग मला शंभर टक्के समजतो. विचारल्याशिवाय घेणं चूक आहे आणि ते कायद्यानं थांबवलं पाहिजे, त्यासाठी भांडलं पाहिजे. पण काम काढून घेतल्यानं नक्की कुणाचं नुकसान होतं ते जरा निरखून पाहू. कंपनीकडे कोट्यवधी नमुने आहेत, माझ्या एकाच्या जाण्यानं तिला काही कळणार नाही. कळेल ते त्या मुलीला, जी मध्यरात्री 'ट्र' खालची खूण कशी बसवायची हे शोधत माझ्या फाइलपाशी आली असती. कंपनीवरचा राग तिच्यावर निघतो. शिवाय वाट देण्याचा इथे एक वेगळा फायदा आहे. यंत्र तयार चित्राची नक्कल करतं. मी तो कोपरा तीनदा का पुसला, दुसरा उपाय का सोडून दिला, हे सांगणाऱ्या टिपणाचा उपयोग माणसालाच होतो, कारण तो माणूस स्वतः काहीतरी करायला बसलेला असतो.

सगळ्यांत गंभीर मुद्दा ओझ्याचा आहे, आणि त्यावर "सगळं टाका" वाले अवाक्षर काढत नाहीत. फाइल दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं एक छोटं साधन आहे. जगभरच्या लिनक्स यंत्रणांत ते वापरलं जातं आणि वर्षानुवर्षं ते एकच माणूस आपल्या फावल्या वेळात, बिनपगारी, सांभाळत होता. लोक त्याला टोचू लागले, इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने २०२२ मध्ये लिहून सांगितलं की मन बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हे लक्षात ठेवा. त्या थकव्याचा फायदा घेऊन मदतीला आलेल्या एका व्यक्तीनं विश्वास कमावला, ताबा मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढं खटकलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते जाहीर केलं. नाहीतर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

या घटनेचा दाखला देऊन लोक म्हणतात, बघा, फुकट वाटल्याचा परिणाम. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. चोरदरवाजा सापडला तो कोड उघडा होता म्हणूनच. फ्रॉइंडला आत जाऊन पाहता आलं. बंद खोक्यात असता तर तो अर्धा सेकंद आपण सगळ्यांनी संगणकाचा मंदपणा म्हणून सोडून दिला असता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या माणसाचा गुन्हा काय होता? त्याने एक चांगली वस्तू दिली. चूक त्यांची, ज्यांनी त्या वस्तूवर आपले डोलारे उभे केले, त्याला कधी हात लावला नाही, आणि वर घाई केली. दिलेली गोष्ट घेणाऱ्याला देणाऱ्याच्या वेळेवर हक्क मिळत नाही. जवळपास प्रत्येक खुल्या लायसन्समध्ये "आहे तसं, कुठल्याही हमीशिवाय" या अर्थाचं वाक्य असतं, आणि ते वाचायचं असतं. म्हणून मी आता प्रत्येक फोल्डरच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत लिहितो की हे मी रविवारी करतो, उत्तराला महिना लागू शकतो, बंद करावंसं वाटलं तर बंद करीन, आणि ज्याला पुढे न्यायचं आहे त्याने खुशाल न्यावं. हे लिहिल्यापासून माझ्यावर कुणी रागावलेलं नाही आणि माझ्या मनावरचं दडपण गेलं. शेअर करणं म्हणजे जन्माची चाकरी पत्करणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चार ओळींचं पान लिहून पाहावं.

चुकण्याची भीती राहिली. उघड्यावर चुकलो तर चूक कायमची नावावर राहील, असं अनेकांना वाटतं. विष्णु नारायण भातखंडे पेशानं वकील होते. संगीत हा त्यांचा नाद होता आणि नंतर तेच सगळं आयुष्य झालं. बंदिशी त्या काळी घराण्यांच्या मालकीच्या होत्या. शिष्यालासुद्धा त्या सहज मिळत नसत. भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांपुढे बसले, शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या आणि छापल्या. छापल्यानं गाणं मरेल, बाजारात येईल, हे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. त्यांचं सुरुवातीचं लेखन 'चतुर पंडित' अशा टोपणनावानं आलं. ज्यांना प्रत्येक शेअर करणं मिरवणं वाटतं त्यांनी या गोष्टीचा विचार करावा. त्यांनी राग दहा थाटांत मांडले, आणि त्या मांडणीवर आजपर्यंत टीका होते. कित्येक राग त्यांत बसत नाहीत, कित्येक ओढूनताणून बसवलेत. टीका करणाऱ्यांचं बरंच खरं आहे. पण ती टीका करता कशामुळे आली? दहा थाट कागदावर होते म्हणून. मनातल्या मांडणीशी वाद घालता येत नाही, त्यामुळे ती सुधारतही नाही. शंभर वर्षं लोक ज्या चुकीवर विचार करतात ती चूक नावावर असण्यात मला कमीपणा दिसत नाही.

गर्दीची तक्रार मी थोडक्यात आटोपतो. एका शनिवारी यंत्राकडून बनवून घेतलेली आणि रविवारी विसरलेली कामं फार झाली आहेत, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून लोक दर्जाची पाटी लावू पाहतात आणि त्या पाटीखाली पहिला बळी खऱ्या नवशिक्याचा जातो. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा, कुठे अडलात? ज्याने स्वतः केलं आहे त्याच्याकडे याचं लांबलचक उत्तर असतं. ज्याने केलेलं नाही त्याच्याकडे नसतं, आणि ते दोन मिनिटांत कळतं.

घेणाऱ्यांच्या वागण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण या वादात सगळे नियम टाकणाऱ्यालाच लावले जातात. "हे आधीच कुणीतरी केलंय" असं लिहिणाऱ्याला वाटतं की आपण माहिती दिली. समोरच्यानं ते आधीच झालेलं काम पाहिलेलं असतं, बहुतेक वेळा ते त्याला पुरत नाही म्हणूनच तो बसलेला असतो. "कुणी विचारलं होतं?" हा तर शुद्ध दुष्टपणा आहे आणि तो मी ज्यांच्या तोंडून ऐकला त्यातल्या एकानेही स्वतःचं काही कधी पुढे ठेवलेलं मला दिसलं नाही. कोरड्या कौतुकानंही काम भागत नाही. मुद्रितशोधक बाईंनी माझं कौतुक केलंच नव्हतं. त्यांनी फाँट आपल्या मशीनवर चढवला, आपल्या कामातला मजकूर त्यात ओतला, आणि जिथे बिघडलं ते शब्दासकट लिहून पाठवलं. त्यांना कोड येत नाही म्हणून त्यांनी स्वतःला बाजूला ठेवलं असतं, तर मी अजून 'दऱ्या' टाइप करून समाधान मानत असतो. ज्याला करणं येत नाही त्याला वापरणं येतं, आणि साइड प्रोजेक्टला वापरणारा माणूसच सगळ्यात दुर्मिळ असतो.

सध्या माझ्या फाँटमध्ये 'ट्रु' आणि 'ड्रु' अडले आहेत. ट आणि ड खालची र ची टोकदार खूण आणि त्याखाली येणारा उकार लहान आकारात एकमेकांना चिकटतात आणि खाली नुसता काळा ठिपका दिसतो. उकार खाली ढकलला तर तो पुढच्या ओळीच्या वेलांटीला लागतो. खूण बारीक केली तर ती छपाईत उडते. दोन्ही जोडून एकच आकार केला तर तो उकारासारखा वाचला जात नाही. तिन्ही प्रयत्नांच्या फाइल तारखांसकट फोल्डरमध्ये आहेत आणि प्रत्येकीबरोबर छापून काढलेल्या पानाचा फोटो आहे. बाईंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, "असे शब्द मी गोळा करायला घेते, तुम्ही तोवर चौथा उपाय बघा."